जुनी व्हॅन वाटेंत बंद कां पडते? दोष शोधण्याची रीत

बैल चारा खाईनासा झाला तर शहाणा शेतकरी एकदम औषधाची बाटली हातांत घेत नाहीं. तो प्रथम बैलाचे कान चाचपतो, नाकपुडी ओली आहे कीं कोरडी तें पाहतो, शेण कसें पडलें व काल काय खाण्यांत आलें याची चौकशी करतो, आणि मगच उपचाराला लागतो. परंतु तोच शेतकरी आपली जुनी व्हॅन वाटेंत बंद पडली म्हणजे तिची कसलीही विचारपूस न करतां प्लग बदला, कॉइल बदला, कार्बोरेटर खोला, असे उपचार एकामागून एक सुरू करतो. पैसा जातो, हंगामाचे दिवस जातात, आणि दोष मात्र होता तेथेंच राहतो. हा प्रकार आमच्याही हातून घडलेला असल्यामुळें, आम्हांस जी रीत उशिरां कळली ती सभासद बंधुभगिनींस वेळेवर कळावी, एवढ्याच हेतूनें हा पाठ लिहीत आहों.

आपल्या जिल्ह्यांत अशा गाड्या किती उपयोगी पडतात हें निराळें सांगावयास नको. १९८४ सालीं ‘मारुती व्हॅन’ या नांवानें ही गाडी प्रथम निघाली. १९८८ पासून तिला ‘ओम्नी’ म्हणूं लागले. आणि २०१९ सालीं तिचें उत्पादन बंद झालें. तरीही मालवण, देवगड, वेंगुर्लें या बाजूस वाडीवरचा हापूस, काजूबी, सुकी मासळी, खताच्या गोणी आणि प्रसंगीं अडलेली बाळंतीण वाहून नेणाऱ्या ओम्न्या अजून पुष्कळ आहेत. तिचें इंजिन तीन सिलिंडरांचें, ७९६ घनसेंटिमीटरचें असून तें पुढील बैठकीच्या खालीं बसविलेलें असतें. बैठक उचलली कीं इंजिन हाताशीं येतें हा मोठा गुण. परंतु कोंदट जागेंत तें लवकर तापतें आणि पेट्रोलच्या नळ्याही तापवितें, हा दोष. पुढील विवेचन मुख्यतः कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांचें आहे. इंजेक्शनच्या गाड्यांविषयीं शेवटीं थोडें लिहिलें आहे.

पहिली पायरी : टिपण

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून ५८ व्या वर्षीं निवृत्त झालों. त्या नोकरीनें एक गोष्ट अंगीं मुरविली. अर्ज, नोटीस, जबाब हे कागद पाहिल्यावांचून फेरफार मंजूर होत नाहीं. कोणी कितीही घाई केली तरी चौकशी आधीं, नोंद मागून. गाडीच्या दुखण्यासही हाच नियम लावावा. एक लहानशी वही व पेन्सिल गाडींत ठेवावी आणि गाडी बंद पडेल त्या त्या वेळीं पुढील प्रश्नांचीं उत्तरें तेथल्या तेथेंच लिहावीं. घरीं जाऊन लिहूं म्हटलें म्हणजे निम्में विसरतें.

(१) इंजिन थंड होतें कीं तापलेलें? चालू करून किती मिनिटें झालीं होतीं?

(२) गाडी उभी होती, सपाटीवर होती, चढावर होती कीं उतारावर?

(३) दिवा मालवावा तशी एकदम बंद पडली, कीं धापा टाकीत, झटके देत बंद पडली?

(४) पाऊस, दंव, कडक ऊन यांपैकीं काय होतें?

(५) टाकींत पेट्रोल किती होतें, व तें केव्हां भरलें?

(६) पुन्हां सुरू किती वेळानें झाली, आणि मध्यंतरीं आपण काय केलें?

(७) त्यापूर्वीं गाडीवर शेवटचें काम कोणतें झालें होतें?

यांतील तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. एकदम, कसलीही सूचना न देतां बंद पडणें हें बहुधा करंटच्या दोषाचें लक्षण होय. कारण तार सुटली कीं तिन्ही सिलिंडर एकाच क्षणीं निवतात. उलट पेट्रोल कमी पडूं लागलें तर इंजिन प्रथम अशक्त होतें, झटके देतें, पाय काढला तर थोडें सांवरतें, आणि मग थांबतें. हा नियम शंभर टक्के लागू पडतो असें नव्हे. परंतु चौकशी कोठून आरंभावी हें तो सांगतो.

दुसरी पायरी : तीन साक्षीदार

इंजिनास चालण्यासाठीं तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणांत पेट्रोल, योग्य प्रमाणांत हवा, आणि योग्य क्षणीं ठिणगी. चौथी गोष्ट सिलिंडरांतील दाब. पण दाब हळूहळू कमी होत जातो, सकाळीं गेला आणि दुपारीं आला असें त्याचें होत नाहीं. म्हणून मधूनमधून होणाऱ्या दोषांत तो बहुधा निर्दोष असतो. राहिलेल्या तिघांची साक्ष घ्यावयाची, आणि तीही गाडी बंद पडली त्याच जागीं, त्याच वेळीं. सुरू झालेली गाडी गॅरेजांत नेऊन तपासणें म्हणजे भांडण मिटल्यावर पंचनामा करणें होय.

ठिणगीची साक्ष. एक प्लग काढून तो तारेच्या टोपणांत बसवावा, त्याची लोखंडी बाजू इंजिनाच्या उघड्या धातूस टेकवावी, आणि दुसऱ्याकडून स्टार्टर मारवावा. टोपण कोरड्या रबरी मुठीच्या पकडीनें धरावें. उघड्या हातानें कधींही धरूं नये. निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी पडली तर करंट ठीक. पिवळसर, दुबळी पडली किंवा मुळींच पडली नाहीं तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, डिस्ट्रिब्युटरचें झाकण आणि तारा यांकडे वळावें.

पेट्रोलची साक्ष. इंजिन थंड होऊं द्यावें. कॉइलला बॅटरीकडून येणारी बारीक तार आधीं सोडावी, म्हणजे ठिणगी पडणार नाहीं. नंतर कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून तिचें टोंक कांचेच्या बाटलींत धरावें व स्टार्टर मारवावा. पेट्रोल ठोक्याठोक्यानें जोरदार आलें तर पंप व वाट ठीक. न आलें तर फिल्टर, नळी, पंप किंवा टाकी यांपैकीं कोठें तरी अडथळा आहे. त्याच बाटलींतील पेट्रोल दहा मिनिटें स्थिर ठेवून उजेडाकडे धरावें. तळाशीं पाण्याचा निराळा थर किंवा गंजाचा तांबूस गाळ दिसल्यास गुन्हेगार हातीं आला. ही व वरील ठिणगीची परीक्षा एकाच वेळीं कदापि करूं नये.

हवेची साक्ष. एअर क्लीनरची जाळी धुळीनें भरली तर मिश्रण दाट होऊन काळा धूर येतो. उलट कार्बोरेटरच्या बुडाचें गॅस्केट किंवा एखादी रबरी नळी चिरली तर नको तेथून हवा शिरते, मिश्रण पातळ होतें, आणि स्लोवर गाडी थांबत नाहीं. इंजिन चालू असतां कान देऊन ऐकल्यास फुसफुस ऐकूं येते.

तिसरी पायरी : लक्षणावरून दोष

स्लोवर बंद पडते, रेस दिली कीं उत्तम चालते : कार्बोरेटरचा स्लो जेट कचऱ्यानें अडला असावा, अथवा वर सांगितल्याप्रमाणें बाहेरची हवा शिरत असावी.

स्लोवर उत्तम, पण ओझें घेऊन चढावर मरते : पेट्रोल पुरेसें पोंचत नाहीं. फिल्टर, पंपाचा पडदा, टाकींतील जाळी आणि टाकीचा श्वास यांचा क्रमानें विचार करावा. पंपाचा पडदा फाटला असेल तर इंजिनाच्या तेलास पेट्रोलचा वास येतो. दांडी काढून हुंगून पाहावी. तसें आढळल्यास तेल बदलल्यावांचून गाडी चालवूं नये, कारण पातळ झालेलें तेल बेअरिंगें खातें.

थंड असतां उत्तम, तापल्यावर एकदम बंद, अर्ध्या तासानें पुन्हां सुरू : कॉइल किंवा कंडेन्सर तापल्यावर दगा देत असावा. परंतु पेट्रोलची नळींतच वाफ झाली तरी बाहेरून असेंच दिसतें. दोहोंतील भेद ठिणगीच्या परीक्षेनें तेथेंच कळतो : ठिणगी नसेल तर कॉइलकडे पाहावें, ठिणगी चांगली असेल तर पंपावर व नळीवर ओलें फडकें ठेवून पाहावें. फडक्यानें सुरू झाली तर वाफेचा दोष.

सतत एका लयींत अडखळते, ज्यास मेस्त्री ‘मिसिंग’ म्हणतात : तिघांपैकीं एक सिलिंडर काम करीत नाहीं. इंजिन मंद चालू ठेवून रबरी मुठीच्या पकडीनें एकेका प्लगचें टोपण क्षणभर काढावें. जें काढल्यानें इंजिनाचा आवाज बदलत नाहीं, तोच सिलिंडर आधींपासून निजलेला. त्याचा प्लग दुसऱ्याशीं अदलाबदल करावा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग वाईट, न सरकला तर तार, झडप किंवा दाब यांकडे पाहावें. इंजेक्शनच्या गाडीवर हा प्रयोग करूं नये.

एकदम बंद पडून स्टार्टर नेहमींपेक्षां हलका व भराभर फिरतो : टायमिंगचा पट्टा तुटला असण्याचा संभव आहे. पुन्हां पुन्हां स्टार्टर न मारतां गाडी ओढून न्यावी.

प्लगचा रंगही बोलतो. फिकट तपकिरी रंग आरोग्याचा. कोरडी काळी काजळी दाट मिश्रणाची. तेलकट काळेपणा झिजलेल्या रिंगांचा किंवा झडपांचा. आणि पांढरट, भाजल्यासारखा रंग पातळ मिश्रणाचा किंवा फाजील तापण्याचा.

आपल्या किनाऱ्याचे विशेष दोष

देशावरील मेस्त्र्यास जे दोष क्वचित् दिसतात ते आपल्याकडे नित्याचे आहेत. खारी हवा ही त्यांची जननी होय. बॅटरीच्या टोंकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढते. इंजिन व सांगाडा यांस जोडणारी अर्थिंगची पट्टी आंतून गंजते आणि वरून धड दिसते. अशी पट्टी धक्क्यानें क्षणभर सुटली कीं गाडी क्षणभर मरते. वर्षांतून दोनदां, म्हणजे पावसापूर्वीं व पावसानंतर, ही पट्टी सोडून, घांसून, ग्रीस लावून घट्ट बसवावी. खर्च शून्य.

दुसरा शत्रू पाऊस. जून ते सप्टेंबर एवढ्या काळांत डिस्ट्रिब्युटरच्या झाकणांत ओल धरते आणि सकाळीं गाडी सुरू होत नाहीं. अंधाऱ्या रात्रीं बैठक उचलून, इंजिन चालू ठेवून, कशासही हात न लावतां पाहावें. तारांवरून किंवा झाकणावरून निळसर ठिणग्या सरपटतांना दिसल्या तर त्या तारा व तें झाकण बदलावें. यासारखी स्वस्त व खात्रीची परीक्षा दुसरी नाहीं.

तिसरी गोष्ट पेट्रोलची. २०२२ पासून देशांत पेट्रोलांत सरासरी १० टक्के आणि २०२५ पासून २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलें जाऊं लागलें. ऊस पिकविणाऱ्या आपल्या घाटावरील बंधूंचा त्यांत लाभ आहे, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु वीस-तीस वर्षांपूर्वींच्या गाडीच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा व कार्बोरेटरचीं वायसरें त्या मिश्रणाकरितां बनविलेलीं नव्हतीं. तीं फुगतात, मऊ पडतात, चिरतात. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेतें, आणि प्रमाणाबाहेर पाणी झालें कीं इथेनॉल व पाणी मिळून तळाशीं निराळा थर बसतो. जुन्या टाकीचा चिकटलेला मळही त्यानें सुटतो व फिल्टरांत येऊन बसतो. म्हणून जुन्या गाडीच्या नळ्या व वायसरें इथेनॉल सोसणाऱ्या रबराचीं घालावीं, पेट्रोलचा फिल्टर वेळोवेळीं बदलावा, आणि पावसाळ्यांत महिना महिना गाडी अर्ध्या टाकीवर उभी करून ठेवूं नये.

आमचा स्वतःचा अनुभव

आतां ज्या प्रसंगानें ही विद्या आम्हांस शिकविली तो सांगतों. आमची व्हॅन १९९६ सालची. एका एप्रिल महिन्यांत आचऱ्याहून अठरा पेट्या हापूस भरून कणकवली, फोंडाघाट या मार्गें आम्ही कोल्हापूरच्या बाजारास निघालों. कणकवलीपर्यंत गाडी घड्याळासारखी चालली. घाटाच्या मध्यावर झटके देऊं लागली आणि थांबली. पंधरा मिनिटांनीं सुरू झाली, थोडी चढली, पुन्हां थांबली. असें चार वेळां झालें. बाजारांत पोंचलों तेव्हां लिलाव आटोपले होते. फळ गाडींत रात्रभर शिजलें, आणि दुसऱ्या दिवशीं पडेल त्या भावानें द्यावें लागलें. बागेंत वर्षभर राबणाऱ्या आमच्या धाकट्या भावास तो हिशेब वाचून दाखवितांना आम्हांस मान वर करवली नाहीं.

पुढें एका गॅरेजांत प्लग व कॉइल बदलली. दुसऱ्यांत कार्बोरेटर खोलून धुतला. तिसऱ्यांत पंप नवा बसविला. प्रत्येक वेळीं गाडी सपाटीवर फिरवून ‘झालें काम’ असें सांगण्यांत आलें, आणि प्रत्येक वेळीं पुढच्या घाटांत ती बंद पडली. त्या मंडळींस आम्ही दोष देत नाहीं. आम्हीं त्यांस सांगितलेंच मुळीं एवढें, कीं ‘गाडी बंद पडते’. जबाबच अपुरा, तर निकाल बरोबर कसा लागावा?

शेवटीं आम्हीं वही घातली. सहा नोंदी झाल्यावर त्या एकाखालीं एक मांडल्या, तेव्हां तीन गोष्टी दिसल्या. एक, गाडी नेहमीं दहा-पंधरा मिनिटांच्या सलग चढानंतरच, धापा टाकीत मरे. दोन, बंद पडल्यावर ठिणगी दरवेळीं निळी व जोरदार होती. म्हणजे करंट सुटला. तीन, आणि हीच नोंद निर्णायक ठरली : एके दिवशीं टाकीचें झाकण पेट्रोल पंपावर विसरलें म्हणून तोंडाशीं फडक्याचा बोळा कोंबून आम्ही करूळ घाट चढून गेलों होतों, आणि त्या दिवशीं गाडी एकदांही थांबली नव्हती!

टाकींतून जितकें पेट्रोल बाहेर जाईल तितकी हवा आंत आली पाहिजे. न आल्यास टाकींत पोकळी होऊन पंपास पेट्रोल ओढवत नाहीं. तोंड बंद ठेवून शहाळ्याचें पाणी नळीनें ओढणाराची जी गत, तीच पंपाची. पुढील खेपेस गाडी थांबतांच आम्हीं झाकण फिरविलें, तर ‘सुस्स’ असा आवाज होऊन हवा आंत शिरली आणि गाडी लागलीच सुरू झाली. खालीं निजून पाहतों तों टाकीच्या श्वासनळीच्या तोंडांत कुंभारीण माशीनें चिखलाचें घर बांधलेलें. आणि झाकण बाजारांतून घेतलेलें, बिनछिद्राचें. नळी तारेनें मोकळी केली, तोंडाशीं बारीक जाळी बांधली. खर्च झाला नाहीं म्हटलें तरी चालेल.

मग पूर्वींच्या सर्व गोष्टींचा उलगडा झाला. चढावर पेट्रोल अधिक जळे म्हणून पोकळी लवकर होई. पंधरा मिनिटें उभी राहिली कीं फटींतून हळूहळू हवा शिरे म्हणून सुरू होई. सपाटीवरील लहान फेऱ्यांत पोकळी होण्यास वेळच मिळत नसे म्हणून गॅरेजांत दोष दिसत नसे. आणि दुरुस्तीनंतर पेट्रोल भरण्यास झाकण उघडलें जाई, म्हणून कांहीं काळ गुण आल्यासारखें वाटे. खरें कारण तेंच, कीं जें सर्व नोंदींचा उलगडा करतें. दोहोंचा करून तिसरी शिल्लक ठेवतें, तें कारण नव्हे, तर्क होय.

इंजेक्शनच्या गाड्या

पुढील काळांतल्या ओम्नींत कार्बोरेटर नाहीं. तेथें किल्ली फिरवितांच टाकीकडून दोन-तीन सेकंद गूं असा आवाज आला पाहिजे; न आल्यास पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले पाहावा. स्लोवर मरत असेल तर थ्रॉटलच्या तोंडाशीं काजळी बसली आहे काय हें पाहावें. इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला तर यंत्र लावून संकेत वाचणारा मेस्त्री गांठावा. तरीही वही न्यावीच. संकेत दोष कोणत्या वाटेवर आहे तें सांगतो, कोणता भाग बदलावा हें नेहमींच सांगत नाहीं. बॅटरीचीं टोंकें व अर्थिंग यांची निगा या गाड्यांस अधिकच लागते.

सावधगिरीच्या सूचना

पेट्रोलजवळ विडी, काडी, उघडा दिवा नको. नळीनें पेट्रोल काढतांना तोंडानें ओढूं नये. तें फुप्फुसांत गेल्यास जीवावर बेततें. बंद पडवींत इंजिन चालू ठेवूं नये, त्याच्या धुरास वास नसला तरी तो विषारी असतो. घाटांत गाडी थांबली तर आधीं हँडब्रेक व चाकाखालीं दगड, मग माणसें उतरवून कठड्याच्या बाजूस उभीं करावीं, आणि त्यानंतर तपासणी. एका वेळीं एकच भाग बदलावा, नाहींतर गुण कशानें आला हें कळत नाहीं. आणि काढलेला जुना भाग मागून घेऊन जपून ठेवावा, कारण पुष्कळदां तो धडच असतो.

हंगामापूर्वीं, म्हणजे फाल्गुनांतच, प्रत्येक सभासदानें आपली गाडी पूर्ण ओझ्यानिशीं एखाद्या घाटांत चढवून पाहावी. सपाटीवर धांवणारी गाडी म्हणजे निरोगी गाडी नव्हे. आणि ज्या गाडींतून उद्यां घरच्या आजारी माणसास रात्रीं ओरोसच्या रुग्णालयांत न्यावें लागेल, तिचा श्वास मोकळा आहे कीं नाहीं, हें आज दिवसाउजेडीं पाहून ठेवणें हेंच शहाणपण होय.